पबमधलं डोहाळजेवण

जिथे मॉरीनचा पब होता तिथे आता कुत्र्यांचं ब्युटी पार्लर आहे. काचेवर गुलाबी अक्षरं, आत टेबलावर अंगभर फेस घेऊन उभा असलेला एक पांढरा कुत्रा, आणि त्याच्या चेहऱ्यावर, मिरजेत न्हाव्याकडून दाढी करून घेताना आमच्या काकांच्या चेहऱ्यावर असायचा तसा परम संतोष. मार्चमधला शनिवार. हायवेवर अपघात झाला म्हणून फोनमधल्या बाईनं आम्हाला या गावातून वळवलं, आणि कोपऱ्यावरचं दगडी चर्च दिसताच माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"आई, व्हाय आर वी स्टॉपिंग?" सईनं विचारलं. सई माझी लेक. ओटावाला शिकते आणि वीकएंडला घरी आली की शेजारी बसून माझ्या ड्रायव्हिंगवर शेरे मारते.

मी काच खाली केली. शाम्पूचा वास आला. मला हवा होता तो वास वेगळाच होता. ओल्या लोकरी कोटांचा, तळणीतल्या बटाट्यांचा, लाकडावर वर्षानुवर्षं सांडून मुरलेल्या बिअरचा, आणि मागच्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या कोबीचा. एरवी शिजलेल्या कोबीच्या वासासाठी कुणी जीव टाकत नाही, हे मला मान्य आहे.

"आर यू क्रायिंग? ओव्हर अ डॉग सलून?"

"गप बस. तू पोटात होतीस तेव्हा माझं डोहाळजेवण झालं इथं."

"आय नो, आई. द ग्रीन साडी. द पोटॅटोज. एव्हरीबडी नोज."

ते खरंच आहे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला ही गोष्ट मी एकदा तरी ऐकवलेली आहे, काहींना तर त्यांनी पाया पडून नको म्हटलं तरी.

आम्ही कॅनडातल्या केंब्रिजला नवे होतो तेव्हा. सुधीर, म्हणजे माझा नवरा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मी बेसमेंटमधल्या दोन खोल्यांमध्ये दिवस मोजत बसलेली. खिडकी जमिनीला टेकलेली, त्यामुळे त्या हिवाळ्यात मी जग पाहिलं ते बर्फ आणि शेजाऱ्यांचे बूट एवढंच. सातवा महिना होता. पोटात काही ठरत नव्हतं, फोडणीचा वास आला की पळत वॉशरूम गाठायची. आधीचं एक बाळ तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं, म्हणून पोटावर हात ठेवल्याशिवाय झोप लागायची नाही. उजवा डोळा लवला तरी छातीत धस्स व्हायचं. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली मी, पण भीतीला डिग्री कळत नाही.

मला आई हवी होती. मिरजेच्या शाळेत ती गणित शिकवायची, आणि तिच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खा वर्ग गप्प व्हायचा. पण बाबा गेल्यापासून एका बाबतीत ती स्वतःच गप्प झाली होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गल्लीभराची वाटली डाळ आणि पन्हं तीच करायची. घरभर कैरीचा आणि भिजलेल्या हरभऱ्याचा वास, दारात चपलांचा ढीग. आणि बायकांच्या ओट्या भरायची वेळ आली की आई "दूध बघते हं" म्हणून आत निघून जायची. कुणी काही म्हणायच्या आत आपणच जायची. दूध कधीच गॅसवर नसायचं.

डोहाळजेवणाला ये, तूच माझी ओटी भर, असं मी फोनवर रडून सांगितलं. आई म्हणाली, "ओटी सवाष्णीनं भरायची असते, बाळा. आधीच एक धक्का बसलाय तुला, त्यात माझा हात नको. बाळंतपणाला येते मी. तेव्हा हे हात हवे तेवढे राबवून घे." त्यानंतर एक पार्सल आलं. हिरवीगार साडी, कापसात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि सगळ्याला तिच्या कपाटातला कापराचा वास. पार्सल उघडून मी कितीतरी वेळ नाक खुपसून बसले होते.

सूत्रं मग ओकव्हिलच्या कुंदाताईंनी हाती घेतली. त्या डॉक्टरांच्या पत्नी, इथं येऊन त्यांना तीसेक वर्षं झालेली. त्या आल्या तेव्हा इथे कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, हे त्या प्रत्येक भेटीत सांगत, आणि मग जुडी भरभरून कोथिंबीर घालत. त्यांनी सात सवाष्णी जमवल्या, पेढे-बर्फी केली, झोपाळ्याला लावायला फुलं आणली. सुधीरनं सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, हिरवा कागद चिकटवून फोटोसाठी धनुष्यबाण केला. कारखान्यात तो दरवाजांच्या बिजागऱ्या पाहतो, त्यामुळे बाण हलत होता आणि धनुष्य उघडझाप करत होतं. पण हौसेला मोल नाही.

त्या शनिवारी हवामानवाल्यांनी "लाइट फ्लरीज", म्हणजे नुसता भुरभुर बर्फ सांगितला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा! कुंदाताईंच्या घराकडे अर्धं अंतर गेलो नाही तोच बर्फ असा सुटला की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनात. त्यात काच धुवायचं पाणी संपलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सुधीरनं कसाबसा एक्झिट घेतला, चर्चला वळसा घातला, आणि जिथे पहिला दिवा दिसला तिथे गाडी उभी केली. दिवा हिरवा होता.

डोळ्यांसमोर आणा. आत एक खोली भरून माणसं, आणि सगळी हिरवी. हिरव्या टोप्या, हिरवे टाय, एका म्हाताऱ्याची दाढी हिरवी, ग्लासातली बिअर हिरवी. आणि दारात मी. हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, डोक्यावर कापडी फुलांचा मुकुट, पुढे सात महिन्यांचं पोट, आणि मागे पुठ्ठ्याचं धनुष्य भिजू नये म्हणून पोटाशी धरून उभा असलेला नवरा. क्षणभर मला वाटलं, कुंदाताईंनी कार्यक्रम इथेच ठेवला की काय! आणि त्यांना वाटलं, आयर्लंडचा सण इतक्या जिवाभावानं साजरा करणारं जोडपं त्यांच्या गावात कधी आलंच नव्हतं. सारंगीसारखं वाद्य वाजवणाऱ्यानं हात थांबवला. मग अशी आरोळी उठली की छतावरचा बर्फ घसरला असेल.

सेंट पॅट्रिक, ज्याच्या दिवशी आयरिश माणसं हिरवं घालतात, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सुधीरनं ऐकलेलं होतं. कारखान्यातल्या पोरांनी त्याला हिरवं घालून ये म्हणून सांगितलंही होतं, पण ते घरी सांगायला हा विसरला. आता मात्र स्वारी खुलली. मला खुर्ची मिळाली, "बेस्ट ड्रेस्ड" म्हणून खांद्यावरून हिरवी पट्टी घातली गेली, तीन पानांच्या रोपाची छोटी कुंडी बक्षीस मिळाली, आणि हा महाभाग हात हलवत म्हणतो, "थँक यू, थँक यू, वी ट्राय टू डू इट प्रॉपर्ली!" मी त्याला टेबलाखालून चिमटा काढला. हिरव्या दाढीवाल्या टॉमनं धनुष्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याची गाडी अडली. "फॉर स्नेक्स?" टॉमनंच मदत केली. त्यांच्या संतानं म्हणे सगळे साप हाकलले होते. "येस, येस, स्नेक्स," सुधीर म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्यानं तो माझ्या हातात दिला. कुंदाताई. "अगं, इकडे ड्राइव्हवे कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नाहीये! बर्फ शोव्हल करून करून डॉक्टरांची कंबर गेली. बायकाही अडकल्यात सगळ्या. तुम्ही आहात तिथेच थांबा."

"मग आजचं?" मी विचारलं.

"मुहूर्त नको गं टाळायला. तिथेच एखादी सवाष्ण बघ आणि ओटी भरून घे."

"कुंदाताई, आम्ही पबमध्ये आहोत."

"मग? पबमध्ये काय बायका नसतात?"

फोन ठेवला आणि मी बांगड्यांकडे बघत बसले. झालं, राहिलंच म्हणायचं डोहाळजेवण. जे आधी व्हायचं ते झालं होतंच, आता हाही अपशकुन. तेव्हा पबची मालकीण माझ्यासमोर चहा घेऊन आली. मॉरीन. साठीच्या घरातली, ठसठशीत, आखूड पांढरे केस, कमरेला हिरवा एप्रन. लहानपणी आयर्लंडहून आलेली, आणि बोलताना अजून प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर उचलणारी. "इतक्या बांगड्या, पोरी! आमच्या संतासाठी एवढं कुणी करत नाही," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं. हुंदके देत मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. हे तुमच्या संतासाठी नाही. हे बाळासाठी आहे. माझी आई लांब आहे, बाकीच्या बायका बर्फात अडकल्यात, आणि आज माझी ओटी कुणीच भरणार नाही.

मॉरीननं मागे वळून वाद्यवाल्याला हात केला. "थांबा रे जरा," ती खड्या आवाजात म्हणाली. "ही साडी पॅट्रिकसाठी नाही. हे बाळाचं जेवण आहे, आणि ते बर्फानं खाल्लंय." टॉमनं डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, झाली फजिती, आता पट्टी आणि कुंडी परत मागतात. पण मॉरीननं बाह्या सारल्या आणि मला विचारलं, "सांग, काय काय करायचं असतं?"

पहिलं काय, तर डोहाळे पुरवायचे असतात. तिनं माझ्यासमोर एक पसरट ताटली आणून ठेवली. उकडून घोटलेला बटाटा, त्यात शिजवलेला कोबी, मध्ये खळगा, खळग्यात वितळलेल्या लोण्याचं तळं. शेजारी सोड्यावर फुगवलेल्या पावाची जाड फोड. त्या वासानं मला मळमळलं नाही, उलट भूक खवळली. मी ती ताटली चाटूनपुसून संपवली आणि दुसरी मागितली. महिनोन्‌महिने मी अशी जेवले नव्हते. मधल्या वेळात शेजारच्या टेबलावरच्या बायका बांगड्यांना हात लावून बघत होत्या, आणि सुधीर टॉमला धनुष्याचा खरा उपयोग समजावत होता.

मग ओटी. काय काय लागतं ते मी सांगितलं: तांदूळ, नारळ, फळ, खण. "सवाष्ण" हा शब्द काही मला इंग्रजीत आणता येईना, म्हणून मी नुसतं "एखादी मोठी बाई" एवढंच म्हटलं. मॉरीन आत गेली आणि एप्रनचा ओचा भरून घेऊन आली. तांदळाऐवजी सूपमध्ये घालतात ते जव. नारळाऐवजी बटाटे, चांगले मूठ-मूठभर. एक सफरचंद, एक अख्खा पाव, आणि खणाच्या जागी न वापरलेलं भांडी पुसायचं कापड, कडेनं भरतकाम केलेलं. मी पदर पसरून उभी राहिले. ती ओंजळीनं जव घालू लागली आणि घालता घालता म्हणाली, "माझ्या मायकेलला हे फार आवडलं असतं बघ. पब त्याचा होता. तो गेल्यापासून मी एकटीच चालवते."

सुधीर वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, या तर..."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तू फोटो काढ."

मला भीती वाटली नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर गॅसवर नसलेल्या दुधाकडे जाणारी माझी आई उभी राहिली. समोर मॉरीनचे हात होते, भांडी घासून लाल झालेले, बटाट्याची माती नखांत असलेले, आणि मला त्या घडीला जगात दुसरे कोणतेही हात नको होते. मी पदर आणखी पसरला. बटाट्यांनी ओटी इतकी जड झाली की दोन बायकांना ती खालून धरावी लागली.

त्यानंतर जे चाललं त्याला डोहाळजेवण म्हणावं की जत्रा, ते देवालाच ठाऊक. पेढा-बर्फी ओळखायचं सांगितलं तर त्यांनी दोन सूपचे वाडगे पालथे घातले, एकाखाली पेढ्याच्या जागी गोल बिस्कीट आणि दुसऱ्याखाली बर्फीच्या जागी केकची चौकोनी वडी. मी हात पुढे केला की निम्मा पब "लेफ्ट!" ओरडायचा आणि निम्मा "राइट!" मी उचलला त्याखाली बिस्कीट निघालं. पेढा म्हणजे मुलगा, असं सांगताच टॉमनं तिथल्या तिथे नाव ठेवलं, पॅट्रिक. पॅट्रिक कुलकर्णी! पबचा अंदाज हवामानखात्याइतकाच पक्का निघाला, आणि मे महिन्यात सई झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "झालं का गं नीट? ओटी कुणी भरली?"

मी सांगितलं. बर्फ, पब, मॉरीन.

"सवाष्ण आहेत ना त्या?"

"नाही, आई."

पलीकडे मिरजेतली रिक्षा गेलेली ऐकू आली. मग कुणाच्या तरी घरचा कुकर. शेवटी आई म्हणाली, "काय काय घातलं त्यांनी?" बटाटे म्हटल्यावर ती हसली, खूप दिवसांनी हसली. "टाकू नकोस हो. ओटीतलं टाकत नाहीत." मग तो आठवडाभर आमच्याकडे बटाट्याच्या काचऱ्या, बटाट्याचा रस्सा आणि बटाट्याची थालीपिठं झाली. सुधीरनं एका अक्षरानं तक्रार केली नाही, आणि माझ्या पोटात सगळं ठरलं.

पुढे दर वर्षी त्या दिवशी आम्ही पबमध्ये जायचो. सई आधी दुपट्यात, मग हिरव्या परकर-पोलक्यात, मग "आय ॲम नॉट वेअरिंग दॅट" म्हणत काळ्या जाकिटात. मी भाजणीच्या चकल्या न्यायची आणि टॉम त्या बिअरबरोबर अशा खायचा की ताटलीत चुरासुद्धा उरत नसे. मॉरीनच्या हातात मी भरलेल्या काचेच्या बांगड्या असायच्या. ती बिअरच्या नळाचा दांडा ओढायची आणि ग्लास भरताना किणकिण व्हायची. ते वाद्य, ते पाय आपटणं, दार उघडलं की आत येणारी थंडी आणि तिच्याबरोबर "क्लोज द डोअर!" असा सगळ्यांचा एकच सूर. मार्चमधला तो चिखल झालेला, राखाडी झालेला बर्फसुद्धा मला आवडायला लागला, तो तिकडे जायच्या रस्त्याकडेला असायचा म्हणून. नंतर मॉरीनच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ती बहिणीकडे समुद्रकाठी राहायला गेली. काही वर्षं नाताळला कार्डं आली. मग बहिणीचं एक कार्ड आलं, आणि त्यानंतर आली नाहीत.

कुत्र्याची अंघोळ संपली होती. पार्लरमधली मुलगी त्याला टॉवेलनं पुसत होती. सईनं फोन बाजूला ठेवला होता.

"यापुढचं तुला माहीत नाही," मी म्हटलं.

"देअर्स मोअर?"

होतं. सई सव्वा महिन्याची झाली तेव्हा बाळंतपणाला आलेली आई म्हणाली, "मला त्या मॉरीनबाईंकडे ने." तिच्या बॅगेच्या तळाशी एक खण होता. ओटीची हकीकत ऐकून फोन ठेवल्या ठेवल्या मिरजेतल्या दुकानात जाऊन तिनं तो घेतला होता. नारळ आम्ही केंब्रिजच्या ग्रोसरीतून घेतला. दुपारची वेळ, पब रिकामा, जुलैचं ऊन लाकडी जमिनीवर पडलेलं, कोपऱ्यात टॉम पेंगत बसलेला, त्याची दाढी आता नेहमीची पांढरी. अख्ख्या शाळेला धाक घालणारी माझी आई काउंटरसमोर उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग पुस्तकातल्यासारख्या इंग्रजीत म्हणाली, "यू डिड माय वर्क. आय हॅव कम टू रिटर्न."

मॉरीन काउंटरमागून बाहेर आली, हात पुसले आणि न सांगता एप्रन पसरून उभी राहिली. आईनं ओंजळीत तांदूळ घेतले. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. नारळ, खण. मग तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि मॉरीनच्या कपाळावर बोट टेकवलं. बाबा गेल्यापासून आईच्या स्वतःच्या कपाळावर काही नव्हतं. मॉरीनला त्यातलं काय ठाऊक! तिला वाटलं, हे आता आपण परत करायचं असतं. तिनं डबीत बोट बुडवलं आणि मी काही बोलायच्या आत आईच्या कपाळावर भलंमोठं, वाकडंतिकडं कुंकू लावलं.

सुधीर सईला छातीशी धरून जागच्या जागी थांबला. आईनं डोळे मिटले. ते उघडले तेव्हा भरलेले होते, पण आवाज वर्गातला होता. "थँक यू," ती म्हणाली. परत येताना हायवेवर वारा भर्रकन आत यायला लागला, तर तिनं कुंकवावर हात आडवा धरून आपल्या बाजूची काच वर केली.

सईनं माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "बट आजी ऑलवेज वेअर्स अ टिकली. मी तिला कधी टिकलीशिवाय पाहिलंच नाही."

एवढं सलग मराठी ती एरवी बोलत नाही.

"हो," मी म्हटलं. "तेव्हापासून."